गोठ्यातली गाडी

१९ नोव्हेंबर २०१३

परत तापली! लाडखेडच्या पुढे काटा लाल रेषेला टेकला, मग थांबलोच. रेडिएटरच्या जाळीत कापूसच कापूस. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे रोज जायचं म्हणजे हे आलंच. घरी येऊन दात घासायच्या जुन्या ब्रशने जाळी साफ केली. आई बाजूलाच उभी. म्हणाली, "फेकू नको, दे इकडं. वाती होतीन."

आता देवापुढे माझ्या गाडीच्या वाती जळणार. चला, तेवढं तरी पुण्य.

चौथं वर्ष चालू आहे हिचं माझ्याकडे. नागपूरच्या एका एअरफोर्सवाल्याची होती. अडीचशे सीसी, दोन सिलिंडर, जपानी. बोरी अरबहून यवतमाळला आयटीआयच्या पोरांना वायरिंग शिकवायला जायला अशी गाडी लागत नाही, हे मला माहीत आहे. गावालाही माहीत आहे. तरी रोज कोणी ना कोणी विचारतोच — "मास्तर, किती देते?" खरं सांगितलं की कीव करतात.

बाबांनी मात्र चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. बोटही लावलं नाही.

३० नोव्हेंबर

वैष्णवीला दारव्ह्याला माहेरी सोडलं. उतरताना म्हणाली, "मी काय वांदर आहे का असं उंच बसाले?" मागची सीट म्हणजे देवपूजेचा पाट, हे कबूल. येताना बसने येईन म्हणाली.

१९ जानेवारी २०१४

शंकरपट. आज रविवार, बाबांसोबत गेलो. आमची जोडी पाखऱ्या आणि चांद्या. धुरकरी अर्थातच बाबा. या वयात! दोन बैलांच्या मागे त्या फळीएवढ्या छकड्यावर उभं राहायचं म्हणजे खेळ नाही. बाकीचे तुतारी, म्हणजे खिळा लावलेली काठी, टोचतात. बाबा नाही टोचत. फक्त आवाज देतात. कसला आवाज, लिहिता येत नाही — ओठ आवळून काहीतरी करतात आणि बैल निघतात. नुसते निघत नाहीत, जमीन सोडतात.

दुसरा नंबर आला. परत येताना बाबांची कळी खुललेली. मला म्हणाले, "तुह्या गाडीले कान आहेत का?"

मी म्हटलं, कान कशाला, तिला ॲक्सिलरेटर आहे.

"मंग ते पयत नाई. तू तिले ढकलून राह्यला."

वाद घालणार होतो. पण चार वर्षांत गाडीबद्दलचं हे त्यांचं पहिलं वाक्य. 

८ मे

काल सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. शंकरपट बंद. बाबा जेवले नाहीत.

२१ मे

पारा चव्वेचाळीसच्या वर. सिग्नलला उभं राहिलं की इंजिनची वाफ सरळ मांड्यांवर. टाकीवर पालथं पडून चालवायची, सगळा भार मनगटांवर. आज पोरांना बोर्डावर सर्किट काढून दाखवताना खडू सुटला हातातून. धम्मदीप म्हणाला, "मास्तर, ही गाडी वीस वर्षाच्या पोराची आहे, तुह्यासारख्या छत्तिशीतल्या घोड्याची नाही." धम्मदीप म्हणजे यवतमाळात हिला हात लावू शकणारा एकमेव माणूस. माझ्याबरोबर आयटीआयला होता. हिचे पार्ट नागपूरला नाही मिळाले तर कुठून कुठून मागवतो, आणि दर वेळी मला शिव्या देतो.

चेन साफ केली. वंगण दिलं. मन शांत झालं. वैष्णवी म्हणते, इतक्या प्रेमाने माझे केस नाही विंचरले कधी.

११ जून

बैल गेले.

बाबांनीच ठरवलं. पट बंद. नांगरणी-वखरणी दोन वर्षांपासून ट्रॅक्टरवर. कापसाचा भाव तोंडावर मारल्यासारखा, आणि कडबा तर मिळेनासाच झाला. मी म्हटलं, राहू द्या अजून एक वर्ष. तर म्हणाले, "पयणाऱ्या बैलाले खुट्याले बांधून ठेवू? मेलेलं बरं त्यापेक्षा."

फुलसावंगीचा डोंगरसिंग नावाचा शेतकरी घेऊन गेला. माणूस चांगला वाटला. बाबांनी त्याला बजावलं — तुतारी टोचाची नाही. तो हो म्हणाला. टेम्पोत चढताना चांद्याने मागे वळून पाहिलं. बाबांनी नाही पाहिलं.

२ जुलै

पाऊस नाही. पेरलेलं सगळं वाया जाणार असं दिसतं.

१३ जुलै

दुबार पेरणी. बाबा शेतात आलेच नाहीत. मी आणि गडी दोघांनीच.

ते गोठ्यात बसतात. रिकाम्या खुट्यांसमोर बाज टाकून. विचारलं तर "हूं". जेवायला बोलावलं तर "हूं". पुंडलिकराव म्हटलं की अख्खी बोरी त्यांच्या आवाजाला ओळखते. पटात भोंग्याची गरज लागत नव्हती त्यांना! तो माणूस महिनाभरात दहा वाक्यं बोलला नसेल.

आईने आज मला विहिरीकडे नेलं आणि हळूच म्हणाली, "तुह्या बाबाकडं ध्यान ठेव."

आजकाल आमच्याकडे घरातला माणूस गप्प झाला की फवारणीचं औषध कुलपात जातं. आईनेही ठेवलं. किल्ली कमरेला लावली. 

मला भीती वाटते. लिहून ठेवतो — फार भीती वाटते.

२७ जुलै

पाऊस आला एकदाचा. ओसरीत पाणी. आई म्हणाली, "गोठ्यात उभी कर ना गाडी. तो रिकामा गोठा मले पाह्यवत नाई." बाबांना विचारलं. "हूं."

पाखऱ्याच्या जागेवर उभी केली. बाबा बाजेवरून बघत राहिले. मला चोरासारखं वाटलं.

५ ऑगस्ट

पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये काळी माती इतकी भरली की चाक फिरेना. भर रस्त्यात काडीने कोरत बसलो. ही गाडी बनवणाऱ्यांनी आमची माती पाहिली नसणार.

२४ ऑगस्ट

उद्या पोळा. दर वर्षी या संध्याकाळी आई ऊन पाणी आणि लोणी-हळद काढून ठेवते, आणि बाबा बैलांचे खांदे शेकतात, जिथे जू घासतं तिथे लोणी चोळतात. यंदा आईने काही काढलं नाही. बाबांनी स्वतःच चुलीवर पाणी ठेवलं. स्वतःच वाटी घेतली. आई आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो.

थोड्या वेळाने गोठ्यातून आवाज आला. त्यांचा तो जुना, भरलेला आवाज —

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!"

रिकाम्या खुट्यांना आवतण देत होते. आत जायची हिंमत झाली नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी अंगणातच उभा राहिलो आणि रडलो. वैष्णवी माहेरी आहे ते बरं. उद्या सकाळी आणायचं आहे तिला.

२५ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहितो आहे. पडलो. उजवीकडची हासळी, गळ्याखालचं हाड, मोडली. यवतमाळहून आत्ता आलो. जिवंत आहे.

२९ ऑगस्ट

डावा हात जरा वळणावर आला. सगळं लिहितो, कारण कोणाला सांगता येत नाही.

पोळ्याच्या सकाळी गोठ्यात गेलो तर गाडीच्या टाकीवर हळदीचे पंजे! काचेवर कुंकू. हँडलला झेंडूची माळ. खुट्यांना नव्हे, बाबांनी आवतण गाडीला दिलं होतं! इतका आनंद झाला मला, काय सांगू. चार वर्षांत पहिल्यांदा हात लावला तिला. ओरडून आईला दाखवलं. मग तशीच माळ घालून निघालो दारव्ह्याला.

गावाबाहेर वळणावर रामराव आपली जोडी धुवायला नेत होता. बैल मधोमध. ब्रेक दाबला — काही नाही. नुसतं बोटात लिव्हर आलं. पायाचा दाबला, तोही नाही. समोर दोन बैलांची पोटं. डावीकडे हँडल मारलं आणि सरळ कपाशीत. चिखलात गाडी आडवी, मी तिच्या पुढे. बैलांना खरचटलंही नाही.

पडल्या पडल्या माझ्या तोंडासमोर पुढचं चाक होतं. ब्रेकची ती स्टीलची चकती. पिवळी. लोण्याने माखलेली. गरम होऊन तुपाचा वास सुटलेला.

लगेच कळलं. चकती म्हणजे घासून घासून चकचकीत झालेली जागा. बैलाच्या अंगावर जू घासतं ती जागा अशीच गुळगुळीत होते. बाबांनी अख्खी गाडी तपासली असणार, हिला जोर कुठे पडतो ते शोधलं असणार, आणि दोन्ही चाकांना प्रेमाने लोणी चोळलं असणार. आणि चूक तरी काय? जोर तिथेच पडतो!

रामरावच्या आरडाओरड्याने माणसं जमली. बाबा अनवाणी पळत आले. मी त्यांना पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे डोळे मिटले. बोललो असतो तर ब्रेकबद्दलच बोललो असतो.

धम्मदीपला दवाखान्यातून फोन केला. टेम्पो घेऊन ये, गाडी ने, आणि चकत्या पुसून टाक, कोणाला काही सांगू नको. तो म्हणाला, "लोणी? मास्तर, डोक्याला लागलं का तुह्या?" मग समजला. म्हणाला, निघालोच.

३१ ऑगस्ट

वैष्णवीला सांगितलं. आधी हसली. मग रडली. मग म्हणाली, "बाबाइले कळलं तर ते वाचतीन का?"

तोच तर प्रश्न आहे. अडीच महिने गप्प असलेला माणूस. त्याने पहिल्यांदा कशाला तरी माया लावली आणि त्या मायेपायीच पोरगा मरता मरता वाचला — हे त्यांना कळायला नको. कधीच नको. शपथ घेतली दोघांनी.

४ सप्टेंबर

आणि हे पाहा! बाबा बोलायला लागले!

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. "गाडीनं वाचवलं पोराले. दुसरी असती तं बैलाइच्या पोटात शिरली असती. हिनं सोताहून मान वळवली अन् मऊ जागा पाहून टाकलं त्याले." कोणी विचारलं, असं कसं, तर — "खांद शेकली होती न म्या तिची!"

वैष्णवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. चेहरा असा की मला हसू आवरेना. हसलो की हासळी दुखते.

१२ सप्टेंबर

वैष्णवी म्हणाली, हात बरा झाला की गाडी विका. तिचं चूक नाही. मीही मनात तेच ठरवलं होतं. बरी होऊन आली की विकायची आणि सगळ्यांसारखी शंभर सीसीची घ्यायची. मनगटंही सुटतील.

बाबांनी बाजेवरून ऐकलं. "कायले विकता? जिनं जीव वाचवला तिले विकता?" आवाज चढला होता त्यांचा. रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

आता कशी विकणार?

६ ऑक्टोबर

गाडी आली. धम्मदीप स्वतः चालवत घेऊन आला. ब्रेकचे पॅड नवे, फायबरचं अंग एका बाजूला फुटलं होतं ते आतून चिकटवलंय. बाबांनी त्याला बसवून घेतलं. चेनला तेल किती दिवसांनी, टायरात हवा किती, कूलंट म्हणजे काय. धम्मदीप उत्तरं देताना माझ्याकडे बघत नव्हता.

१५ ऑक्टोबर

रोज सकाळी गाडी पुसतात. टाकी, काच, सायलेन्सर. चाकांना मात्र हात लावत नाहीत, ती मलाच पुसावी लागतात. कंबर वाकत नसेल.

आईने किल्ली कमरेवरून काढून फळीवर ठेवली. कपाशीला फवारायचं होतं म्हणून असेल. पण परत लावली नाही.

२ डिसेंबर

भाव पडलेलेच. वेचणी सुरू आहे. बाबा शेतात जातात, मजुरांवर ओरडतात. ऐकून बरं वाटतं. संध्याकाळी खराट्याची काडी घेऊन रेडिएटरमधला कापूस काढत बसतात. माझ्यापेक्षा स्वच्छ काढतात.

१८ जानेवारी २०१५

आज बसले! मागे! धोतर खोचून, टोपी खिशात, माझं हेल्मेट डोक्यावर.

आधी हळू नेली. खड्डे टाळत, चाळिसाने. दारव्ह्याच्या सरळ पट्ट्यावर आलो तशी पाठीवर थाप. "झोपला का? सोड न!" सोडली. काटा वर चढत गेला, दोन्ही सिलिंडरचा आवाज एक झाला, कपाशीची वावरं दोन्ही बाजूंनी धुऊन निघाल्यासारखी मागे जायला लागली. आणि मागून माझ्या कानाशी तो आवाज. ओठ आवळून काढलेला. पटातला.

खरं सांगतो, गाडी त्या आवाजाने पळाली. ॲक्सिलरेटर माझ्या हातात होता हे मला माहीत आहे. तरीही.

उतरल्यावर म्हणाले, "ऐकते रे थोडंथोडं."

यवतमाळात शोरूमसमोर उभ्या असलेल्या कोणत्याही पोराला या गाडीचं जे कळत नाही, ते आज बाबांना कळलं. पाच वर्षं झाली मला, आणि मी या एका दिवसासाठीच ती ठेवली होती असं वाटलं.

१५ मार्च

जीव गेला होता आज. पारावर सगळे बसलेले आणि रामराव म्हणाला, "पुंडलिकराव, त्या दिवशी गाडीच्या चाकाले पिवयं पिवयं काय होतं हो? म्या पाह्यलं."

मी बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "पोया होता न बाप्पा. हळद लागली असीन." आणि तंबाखू मळत राहिले. रामरावही विसरला. वाचलो!

घरी येऊन वैष्णवीला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्यापेक्षा बाबाच बरे खोटं बोलतात. मी म्हटलं, खोटं कुठे, त्यांना माहीतच नाही ना.

७ जून

वणीहून एक जण गाडी पाहायला आला. कोणी पाठवला देव जाणे. मी घरी नव्हतो. आई सांगत होती — बाबांनी त्याला चहा पाजला, आंबे खाऊ घातले, शंकरपटाच्या गोष्टी सांगितल्या, आणि गोठ्याचं दार काही उघडलं नाही.

२० ऑगस्ट

मागचं टायर पार गुळगुळीत. धम्मदीपने शिव्या देत नवं मागवलं. मनगटावर वैष्णवी आयोडेक्स चोळून देते. विका म्हणणं तिने सोडलंय.

११ सप्टेंबर २०१५

उद्या पोळा. आज बाबा वाटीत लोणी-हळद घेऊन गोठ्याकडे निघाले. मी आधीच तिथे जाऊन उभा होतो. काय बोलून थांबवायचं, दिवसभर तेच पाठ केलं होतं.

बाबांनी वाटी खाली ठेवली. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणल्या होत्या. खाली बसले आणि पुढच्या चकतीला पट्टी गुंडाळायला लागले. नीट, एकावर एक. वरून सुतळी. मग मागच्या चकतीला. मग उठले, टाकीला लोणी लावलं.

 शेवटी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"तू डोये मिटून पडला होता तवाच. तुह्याकडं पाह्याच्या अगोदर चाक पाह्यलं म्या."

"मग वर्षभर गाडीनं वाचवलं, गाडीनं वाचवलं —"

"तुम्ही विकून टाकत होते तिले." त्यांनी हात धोतराला पुसले. "चूक माही होती. तिले काहून हाकलाची?"